नोंद, नक्कल आणि दुरुस्ती : ई-शासनाच्या अभ्यासाचा एक मागोवा

मराठी माणूस कोणता मजकूर सर्वांत काळजीने वाचतो, असा प्रश्न साहित्याच्या वर्गात विचारला तर ज्ञानेश्वरी, गाथा, फार तर एखादी गाजलेली कादंबरी अशी उत्तरे येतील. सातबाराचा उतारा हे उत्तर बहुधा कोणी देणार नाही. वस्तुतः ज्या घरात दुसरे पुस्तक नाही अशा घरातही हा कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असतो. तो उन्हात धरून वाचला जातो, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घेतला जातो, आणि त्यातील एका काना-मात्रेवरून भावाभावांत वीस वीस वर्षे दावे चालतात. आपण ज्याला संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतो ते याहून वेगळे काय असते?

आमच्यापैकी एकाच्या आजीचे नाव गंगूबाई. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ते तसेच होते. उतारा संगणकावर चढवला गेला तेव्हा टंकलेखकाने त्याची 'गंगाबाई' केली. कदाचित त्याला तेच अधिक शुद्ध वाटले असावे. पुढे आधार कार्ड आले, तेथे रोमन लिपीतून फिरून आलेले तिसरेच रूप छापले गेले. एक म्हातारी, तीन दफ्तरे आणि तीन नावे. या तिघींपैकी जमीन कोणाची, हा प्रश्न आजीला कधी पडला नव्हता. तो आता पडू लागला. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच आहे. शासन संगणकावर आले त्याला बराच काळ लोटला. त्याविषयीचा अभ्यासही आता चार-पाच दशकांचा झाला आहे. या अभ्यासाने कोणते प्रश्न कधी विचारले, कोणते उशिरा विचारले, आणि त्यात आम्हा भाषा-साहित्याच्या लोकांना काही सांगण्यासारखे आहे काय, हे येथे पाहावयाचे आहे.

आरंभ संगणकाच्या पुष्कळ आधी करावा लागेल. राज्यसंस्थेने रयतेची माहिती गोळा करून तिचे तक्ते बनवण्याचा आधुनिक प्रयोग दख्खनमध्ये झाला तो १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. पेशवाई जाऊन दहा वर्षेही झाली नव्हती. कंपनी सरकारचा अधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे भागात जमिनीची मोजणी करून, रिकार्डोच्या खंड-सिद्धान्ताच्या आधारे, निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबाने सारा ठरवण्याचे काम हाती घेतले. कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात मोजणी सदोष निघाली, तपशील भरणाऱ्या कारकुनांनी हात ओले करून घेतले, आकारणी डोईजड झाली आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या. त्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. सिद्धान्ताचा आग्रह त्यांनी सोडला, आकार कमी केला आणि शेत हे एकक धरले. आपल्या सर्व्हे नंबरांची परंपरा तेथून सुरू होते.

पुढे १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा झाला, आणि गावनमुन्यांची जी व्यवस्था हळूहळू घडत गेली तिच्यातील सात क्रमांकाचा नमुना म्हणजे अधिकार अभिलेख व बारा क्रमांकाचा नमुना म्हणजे पिकांची नोंदवही. या दोहोंचा जोड म्हणजे आपला 'सातबारा'. दोन आकड्यांचे सामान्यनाम व्हावे आणि त्यातून 'सातबारा कोरा करणे' यासारखा वाक्प्रचार भाषेत रुजावा, हे त्या कागदाच्या सामाजिक वजनाचे द्योतक आहे.

प्रिंगलच्या अपयशातून दोन गोष्टी दिसतात. नोंद बनवणारा आणि नोंदला जाणारा यांच्यात अंतर असते, आणि त्या अंतरात मध्यस्थ उभा राहतो. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचा एक मुख्य आरोप हाच आहे. गोरे अधिकारी ऐषआरामात गुंग, कारभार भट कामगारांच्या हाती, आणि निरक्षर शेतकऱ्याला आपल्याविषयी काय लिहिले गेले हे कळण्याचा मार्ग नाही. फुल्यांचा ग्रंथ आपण सामाजिक विचाराचा ग्रंथ म्हणून शिकवतो. तो दफ्तरशाहीच्या वाचनाचाही ग्रंथ आहे, आणि पुढे ई-शासनाच्या अभ्यासकांना जे प्रश्न पडले त्यांतील निम्मे तरी त्यात आधीच आलेले आहेत.

आता संगणकाकडे वळू. शासनातील संगणक हा संशोधनाचा विषय झाला तो प्रथम अमेरिकेत, १९७० च्या दशकात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील अभ्यासकांनी अमेरिकेतील शेकडो शहरांच्या नगरप्रशासनांची पाहणी केली. संगणक आल्यावर सत्ता कोणाकडे सरकते, हा त्यांचा प्रश्न होता. तज्ज्ञांकडे सरकेल, व्यवस्थापकांकडे सरकेल, नागरिकांकडे सरकेल, असे निरनिराळे अंदाज होते. डॅन्झिगर, डटन, क्लिंग आणि क्रेमर यांच्या १९८२ च्या 'कॉम्प्युटर्स अँड पॉलिटिक्स' या पुस्तकात जे उत्तर आले ते सर्वांची निराशा करणारे होते : संगणक सहसा त्यांच्याच हाती बळ देतो ज्यांच्या हाती ते आधीपासून आहे. इंटरनेट सामान्यांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधी या विषयातील सर्वांत टिकाऊ निष्कर्ष निघालेला होता. पुढच्या उत्साहाच्या काळात तो जवळजवळ विस्मरणात गेला.

आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ ची. भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, आणि त्या आठांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. नयी तालीम जेथे रुजवण्याचा प्रयत्न झाला त्याच भूमीत भारतीय शेतकऱ्याची नोंद यंत्रात भरण्याचा प्रयोग व्हावा, हा योगायोगच. त्या पहिल्या टप्प्यात संगणक म्हणजे वेगवान टंकयंत्र अशीच समजूत होती. नोंद तीच, अधिकार तेच, कागद मात्र छापील.

चित्र बदलले ते २००० च्या आसपास. २००१ मध्ये कॅरन लेन आणि जंगवू ली यांनी ई-शासनाच्या विकासाच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रथम माहितीची सूची, नंतर व्यवहार, नंतर वरच्या-खालच्या स्तरांची जोडणी आणि शेवटी निरनिराळ्या खात्यांची आडवी जोडणी. हा आराखडा इतका लोकप्रिय झाला की त्याचे डझनभर अवतार निघाले. २००३ पासून संयुक्त राष्ट्रसंघ देशांची क्रमवारी लावू लागला. सर्वांची दिशा एकच, वर. कोणते शासन कितव्या पायरीवर आहे हे सांगणे म्हणजेच संशोधन, असा काही काळ समज झाला. वाङ्मयेतिहासात 'उदय, विकास, परिपक्वता' या क्रमाने लिहिलेले प्रबंध ज्यांनी वाचले आहेत त्यांना या आराखड्यांचा गुण आणि दोष दोन्ही लगेच ओळखू येतील. अशा शिडीवर बोट ठेवता येते, पण शिडी कोणत्या भिंतीला टेकवली आहे हे तीवरून कळत नाही.

भारताकडे तेव्हा जगाचे लक्ष होते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात २००० च्या आरंभी 'ज्ञानदूत' सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यास स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. कर्नाटकात 'भूमी' प्रकल्पाने सुमारे ६७ लाख खातेदारांचे दोन कोटी अभिलेख संगणकावर आणले. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपये भरले की उतारा हाती पडू लागला, आणि हस्तलिखित उताऱ्यांची वैधता संपवण्यात आली. सुभाष भटनागर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या प्रकल्पांचे साक्षेपी वर्णन केले. लाच आणि हेलपाटे कमी झाल्याच्या त्यांच्या नोंदी खऱ्या होत्या. एका कागदासाठी आठ-आठ दिवस तलाठ्याच्या मागे फिरणाऱ्या माणसाला खिडकीवरचा तो कागद म्हणजे काय वाटले असेल, हे समजायला प्रबंधाची गरज नाही. उत्साह अनाठायी नव्हता.

महाराष्ट्रातील प्रयोग होता वारणेचा. कोल्हापूर-सांगली सीमेवरील वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये संगणक केंद्रे उभारण्यात आली. बाजारभाव, शेतीसल्ला, शासकीय माहिती, सारे काही गावात मिळावे ही कल्पना. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी तेथे जाऊन पाहिले, तेव्हा ही केंद्रे प्रामुख्याने एकाच कामासाठी वापरली जात असल्याचे दिसले : उसाच्या वजनाचे आणि पैशाचे हिशेब. शेतकऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न साधा होता, माझ्या उसाचे वजन किती भरले? मग काही गावांत संगणक बाजूस ठेवून हेच काम मोबाइलच्या लघुसंदेशाने करून पाहिले गेले, आणि ते स्वस्तात व समाधानकारक रीतीने झाले. या प्रयोगातील एक अभ्यासक केंटारो टोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये एक पुस्तकच लिहिले. तंत्रज्ञान माणसांच्या आधीच असलेल्या इच्छा आणि क्षमता यांना फक्त मोठे करते, हा त्यांचा सिद्धान्त. अर्व्हाइनच्या मंडळींचा निष्कर्ष वारणेकाठी वेगळ्या वेशात परत आला असे म्हणावयास हरकत नाही.

दरम्यान संशोधनाचा सूरही बदलला होता. मँचेस्टरचे रिचर्ड हीक्स यांनी २००३ मध्ये विकसनशील देशांतील ई-शासन प्रकल्पांचा एक ठोकताळा मांडला : ३५ टक्के पूर्ण अयशस्वी, ५० टक्के अंशतः अयशस्वी, यशस्वी केवळ १५ टक्के. आकडे अंदाजाचे होते. पण त्यांमागचा विचार मोलाचा होता. प्रकल्पाच्या आराखड्यात गृहीत धरलेले वास्तव आणि प्रत्यक्षातले वास्तव यांतील दरी जेवढी मोठी, तेवढे अपयश निश्चित. प्रिंगलला हे वाक्य ऐकवले असते तर त्याने मान डोलावली असती. जेन फाउंटन यांनी २००१ मध्येच बजावले होते की यंत्र म्हणून असलेले तंत्रज्ञान आणि एखाद्या कार्यालयात प्रत्यक्ष वापरात उतरलेले तंत्रज्ञान या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाट्यसंहिता आणि प्रयोग यांतील फरक शिकवणाऱ्यांना हा मुद्दा नव्याने समजावून सांगायला नको.

'भूमी'वरील टीकाही याच सुमारास आली. २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या परिघावरील गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गावपातळीवर वाटाघाटींतून सांभाळली जाणारी जमिनीची गुंतागुंत एका केंद्रीय, एकसुरी नोंदीत आणल्यावर तिचा लाभ दूर बसून जमिनी हेरणाऱ्या मोठ्या खरेदीदारांना अधिक झाला, असे त्यांचे म्हणणे. नोंद सर्वांना दिसू लागली हे खरे. पण दिसणाऱ्या नोंदीचा उपयोग करून घेण्याची ऐपत सर्वांकडे सारखी नव्हती. लहान शेतकऱ्याला आपला उतारा मिळाला, आणि मोठ्या गुंतवणूकदाराला सगळ्यांचेच उतारे मिळाले.

येथवरच्या इतिहासात एक उणीव आम्हाला जाणवते. या संशोधनाने यंत्रे मोजली, सेवा मोजल्या, पुढे वापरणारेही मोजले. पण ज्या भाषेत ही नोंद लिहिली जाते तिच्याकडे फारच थोड्यांनी पाहिले. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. भाषा संचालनालयाने त्याआधीच, १९६२ मध्ये, 'पदनाम कोश' काढला होता. त्याची 'बदनाम कोश' म्हणून झालेली थट्टा प्रसिद्ध आहे. त्या वादात शब्द सोपे की अवघड एवढ्यावरच चर्चा अडकली. संगणक आल्यावर भाषेचा प्रश्न अक्षराच्या पातळीवर उतरला. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरीही पुढची कित्येक वर्षे सरकारी कार्यालयांत ज्याचा त्याचा फाँट आणि ज्याची त्याची कळरचना चालू राहिली. एका टेबलावर लिहिलेला 'शेतकऱ्याचा' हा शब्द दुसऱ्या टेबलावर चौकटी आणि प्रश्नचिन्हांत बदलत असे. ज्या राज्यात शेतकरी हा राजकारणाचा मध्यवर्ती शब्द, तेथे त्यातला अर्धा 'र' पडद्यावर नीट उमटवण्यासाठी इतकी यातायात करावी लागावी, यातील विपरीतपणा तेव्हा कोणी फारसा मनावर घेतला नाही.

नावांचा प्रश्न त्याहून बिकट. 'जयश्री' हे नाव रोमन लिपीत निदान चार तऱ्हांनी लिहिता येते. हाताने लिहिण्याच्या काळात वाचणारा माणूस मधली तफावत मनातल्या मनात जुळवून घेई. यंत्र तसे करीत नाही. त्याच्या लेखी अक्षर चुकले की माणूस बदलला. राष्ट्रीय ई-शासन योजना मे २००६ मध्ये मंजूर झाली, तीत सत्तावीस मोठे प्रकल्प आणि एक लाख सेवाकेंद्रे योजली होती. पण खात्याखात्यांच्या याद्या एकमेकींना जोडावयाच्या तर नावांच्या या चार तऱ्हांचे काय करावयाचे, याचे समाधानकारक उत्तर आजही सर्वत्र सापडलेले नाही.

आधारचा क्रमांक हे त्यावरील एक उत्तर होते. नावाची भानगडच नको. बोटाचा ठसा घ्या आणि बारा आकडे द्या. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात. ज्यांचे नाव कोणत्याच दफ्तरात धड नव्हते त्यांना ओळख मिळेल, अशी त्यामागची भूमिका. येथून अभ्यासाचा चौथा टप्पा सुरू होतो. त्याचे वैचारिक बीज नेदरलँड्समधील मार्क बोव्हन्स आणि स्टॅव्हरोस झूरिडिस यांच्या २००२ च्या एका लेखात आहे. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये दाखवून दिले होते की शासनाचे धोरण प्रत्यक्षात ठरवतो तो खिडकीपाशी बसलेला शिपाई, शिक्षक, पोलीस किंवा कारकून. बोव्हन्स-झूरिडिस यांचे म्हणणे असे की संगणकीकरणानंतर हा माणूस बाजूला होतो आणि त्याचा विवेकाधिकार प्रणाली लिहिणाऱ्याकडे जातो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तलाठ्याची मेहेरबानी संपते, आणि तिच्याबरोबर त्याची माणुसकीही संपते. दोन्ही एकाच अधिकारातून येत होत्या.

याचे परिणाम कसे संदिग्ध असतात, हे भारतातील दोन अभ्यासांतून दिसते. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशात रोजगार हमी आणि पेन्शन यांसाठी वापरलेल्या बायोमेट्रिक कार्डांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले : पैसे लवकर मिळू लागले, गळती घटली आणि लाभार्थ्यांनाही ही पद्धत पसंत पडली. त्याच अभ्यासकांनी पुढे झारखंडमध्ये रेशनच्या दुकानांवरील आधार-पडताळणी तपासली, तेव्हा खऱ्या हक्कदारांपैकीही काही वगळले गेल्याचे आढळले. ज्यां द्रेज, रीतिका खेरा आणि त्यांचे सहकारी २०१७ पासून झारखंडविषयी हेच सांगत होते. तंत्र जवळजवळ तेच होते. आंध्रात ठसा न जुळणाऱ्यालाही पैसे देण्याची वाट मोकळी ठेवली होती; झारखंडमध्ये ती वाट अरुंद झाली होती. म्हणजे ठसा जुळला नाही तर पुढे काय, या एका प्रश्नाच्या उत्तरावर कोणाचे धान्य अवलंबून राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आधारची घटनात्मकता मान्य केली, तेव्हाही पडताळणी फसल्यामुळे कोणी लाभाला मुकू नये ही चिंता निकालात उमटली. श्रीमंत देशही यातून सुटले नाहीत. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणात हजारो कुटुंबांवर लबाडीचा खोटा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. ज्या देशात बोव्हन्स आणि झूरिडिस यांनी आपला इशारा लिहिला, तोच हा देश.

या चार टप्प्यांचा सारांश आम्ही असा काढतो. पहिल्या टप्प्याने विचारले, सत्ता कोणाची वाढते? दुसऱ्याने विचारले, सेवा कितव्या पायरीवर आली? तिसऱ्याने, प्रकल्प का फसला? आणि चौथ्याने, कोण वगळले गेले? या सर्वांच्या तळाशी असलेला पाचवा प्रश्न आता कोठे पुढे येत आहे : नोंद चुकली तर ती दुरुस्त कोण करू शकतो, आणि त्यासाठी त्याला किती खस्ता खाव्या लागतात? पामेला हर्ड आणि डॉनल्ड मॉयनिहन यांनी २०१८ मध्ये 'प्रशासकीय ओझे' या संकल्पनेची तपशीलवार मांडणी केली. नियम समजून घेणे, कागद जमवणे आणि मनस्ताप सोसणे हे ओझे कोणाच्या पाठीवर पडते, हा त्यांचा विषय आहे.

हा पाचवा प्रश्न आमच्या क्षेत्राला जवळचा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. त्या आवृत्तीचा धर्म असा की संपादकाने एक पाठ स्वीकारला तरी इतर पाठभेद तळटीपेत राहतात. वाचकाला संपादकाशी असहमत होण्याची सोय ठेवलेली असते. जुन्या महसुली व्यवस्थेतही अशी सोय होती. फेरफार नोंदवहीत नोंद झाली की चावडीवर नोटीस लागते, हरकतीसाठी मुदत असते, हरकत आलीच तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार अशी प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी लागते. लेखनप्रमादांची दुरुस्ती कलम १५५ खाली होते. थोडक्यात, नोंदीला प्रामाण्य आहे, पण ते अपौरुषेय नाही. संगणकावर नोंद चढवताना जुना कागद आणि नवा पडदा यांतील फरक मात्र पाठभेद म्हणून राहिले नाहीत. पडद्यावर जे होते तेच खरे ठरू लागले.

म्हणूनच २०१७ साली महाराष्ट्रात जे घडले ते आम्हाला महत्त्वाचे वाटते. संगणकीकृत सातबारांतील चुका निस्तरण्यासाठी शासनाने गावोगाव चावडीवाचनाची मोहीम घेतली. संगणकातील उतारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचावयाचे आणि ज्याला चूक दिसेल त्याने ती तेथेच सांगावयाची. एवढ्या यंत्रसामग्रीनंतर मुद्रितशोधन झाले ते ऐकणाऱ्या कानांनी. ज्या समाजात पोथी एकाने वाचावी आणि गावाने ऐकावी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्या समाजाला ही पद्धत परकी वाटली नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरपासून जनसुनवायांत हेच केले होते : कामांची हजेरीपत्रके आणि बिले लोकांसमोर वाचून दाखवली, आणि मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी निघाल्याचे लोकांनीच सांगितले. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा ज्या चळवळींतून आला त्यांत या वाचनाचा मोठा वाटा आहे. त्याच राज्यात २०१९ मध्ये 'जन सूचना पोर्टल' सुरू झाले, आणि त्याच्या घडणीत या चळवळीतील लोक सहभागी होते. नागरिकाला लाभार्थी मानण्याऐवजी नोंदीचा चिकित्सक मानणारे ई-शासन असू शकते, याचा तो पुरावा.

आमच्या सहकाऱ्याच्या गावच्या चावडीवाचनात आजीचे नाव 'गंगाबाई' असे वाचले गेले, तेव्हा मागे बसलेल्या शेजाऱ्याने विचारले, "ही गंगाबाई कोण? आपल्या गंगूआत्याच ना?" नाव टिपून घेतले गेले, दुरुस्तीचा आदेश हाती पडायला त्यानंतर काही महिने लागले. आज महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदती घालून दिल्या आहेत, आणि २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करतो. ही शेवटची गोष्ट ऐतिहासिक आहे. नमुना बारा भरणारा हात प्रथमच शेतकऱ्याचा झाला. पण घरबसल्या मिळणारा उतारा घरात एकटाच वाचला जातो. "ही गंगाबाई कोण?" असे विचारणारा शेजारी तेथे नसतो.

ई-शासनाच्या संशोधनात आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा, आपोआप घेतल्या जाणाऱ्या निर्णयांचा आणि संवाद साधणाऱ्या यंत्रांचा बोलबाला आहे. त्यावर मराठीतून जे लिहिले जाते ते बहुतेक संगणकाच्या किंवा लोकप्रशासनाच्या विभागांतून. भाषा-साहित्याच्या विभागांनी याकडे आपला विषय नव्हे म्हणून पाठ फिरवू नये, अशी आमची विनंती आहे. हस्तलिखित उतारे आणि त्यांच्या संगणकीय प्रती शेजारी ठेवून एखाद्या गावाच्या पाठभेदांचा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज करता येईल. कोणती नावे 'शुद्ध' केली गेली, कोणत्या स्त्रियांची नावे 'इतर हक्का'च्या रकान्यात सरकली, अर्जाच्या मराठीतील कोणत्या शब्दापाशी अर्जदार अडखळतो, हे प्रश्न वाचनाचे आहेत आणि वाचन शिकवणे हे आमचे काम आहे.

आजी २०१९ मध्ये वारल्या. वारसनोंदीसाठी दिलेल्या अर्जावर त्यांचे नाव गंगूबाई असेच लागले, आणि फेरफार हरकतीविना मंजूर झाला.